पंधरावं नाव

सोमवार, ८ जानेवारी

वहिनी,

ही चिठ्ठी गुंडीच्या गणिताच्या वहीत ठेवली आहे. मामीच्याच हातात द्यायची असं तिला बजावलंय. फोन करता आला असता, पण फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरून नुसतं ‘हं, हं’ आलं की माझे शब्दच संपतात. आता दर सोमवारी ती तुमच्याकडे येणार आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी परतणार, तर तिच्या दप्तरालाच आपलं टपाल समजू.

दादाने आणि तुम्ही तिला ठेवून घेतलंत. आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही. दोन ड्रेस, एक स्वेटर आणि चष्मा दिलाय. चष्मा ती मुद्दाम विसरते. अंघोळीला तासभर लावते, दार वाजवत राहा.

शाळेत बाईंना एवढंच सांगा की मुलगी मठ्ठ नाही. अकरा वर्षांची आहे. तोंडी विचाराल ते सांगते, बेरजा-वजाबाक्या मनातल्या मनात करते, पण छापलेलं पान समोर आलं की अक्षरं तिच्यासमोर जागा बदलतात. मी बावीस वर्षं मुलांना वाचायला शिकवतेय आणि पोटच्या पोरीला शिकवता आलं नाही. माझ्या वर्गात सेहेचाळीस मुलं. ती तिसऱ्या बाकावर, मी फळ्यापाशी. घरी आल्यावर दोघी दमलेल्या. पुस्तक काढलं की आधी रडायची. नंतर नंतर रडेनाशी झाली, नुसती पानाकडे बघत बसायची. त्याचं मला जास्त वाईट वाटायचं. पुढे तेही वाटेनासं झालं, तेव्हा मी दादाला विचारलं.

माझ्या शाळेत मी कुणाला बोलले नाही. बाईच आपली मुलगी दुसऱ्या शाळेत घालतात म्हटल्यावर लोक काय म्हणतील ते मीच म्हणून दाखवू शकते. तुम्हीही तिकडे फार बोलू नका.

तुमची नणंद


शुक्रवार, १२ जानेवारी

वन्सं,

टपाल पोचलं. पोस्टमनने चष्मा लावला नव्हता.

पहिल्या दिवशी मी स्वतः सोडायला गेले. फाटकातून आत शिरल्यावर ती थांबलीच. म्हणाली, “मामी, ही फीवाली शाळा आहे का?” मी म्हटलं, “अगं नाही, तुझ्या आईची शाळा जितकी सरकारी तितकीच ही.” पाटीसुद्धा त्याच निळ्या रंगाची आहे ना! आमच्या ओळखीतले लोक विचारतात, एवढं कमावता आणि मुलाला सरकारी शाळेत घालता? मला तर त्याचं कौतुक वाटतं. फरक एवढाच की शाळा वॉर्डाच्या घरपट्टीवर चालते, आणि आमच्या वॉर्डातली घरं जरा मोठी आहेत. शिवाय आमची पालक समिती दर वर्षी निधी जमवते. प्रयोगशाळा त्यातूनच झाली, पियानो आला, आणि वाचनाच्या बाईही त्यातूनच ठेवल्या आहेत.

त्या बाईंची खोली बघायला हवी तुम्ही. ग्रंथालयाच्या मागे, खाली गालिचा, खिडकीला पडदा. एका वेळी एकच मूल, आठवड्यातून चारदा, पाऊण पाऊण तास. गुंडीला त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक दिलंच नाही. ताटात वाळू पसरून बोटाने अक्षर काढायला लावलं, तोंडाने त्याचा आवाज करायला लावला. घरी आल्यावर तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर साखर पसरली. मोलकरीण वैतागली, मी काही बोलले नाही.

आणखी एक. प्रवेशाचा फॉर्म तुमच्या दादांनी भरला. नियम असा की मुलाचे आई-वडील याच वॉर्डात राहणारे हवेत. ते परगावी असतील तर इथला नातेवाईक पालक म्हणून चालतो. त्यांनी ‘दोघे परगावी’ असं लिहिलं. मी म्हटलं, तिचे बाबा बंदरावर क्रेन चालवतात, ते परगावी खरेच. पण आई इथून बसने दीड तासावर आहे. तर म्हणाले, “दोन बस बदलाव्या लागतात म्हणजे परगावच.” हसले. मीही हसले. तुम्ही मनावर घेऊ नका.

तुमची वहिनी


सोमवार, ५ फेब्रुवारी

वहिनी,

गुंडी घरी आली की तुमच्या शाळेबद्दल फार बोलत नाही. मी विचारते, तेव्हा दोन वाक्यांत सांगते आणि माझ्याकडे बघते, मला कसं वाटतंय ते. मला काही वाटत नाही असं मी तिला दाखवते. खरं सांगायचं तर फारसं दाखवावंही लागत नाही.

इकडचं विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या वर्गातल्या फळ्याचा रंग उडालाय, खडूने लिहिलेलं मागच्या बाकावरून दिसत नाही. मी मोठ्याने वाचते, मुलं ऐकून उतरवतात. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हरवून दोन वर्षं झाली. कुलूप तोडायला परवानगी लागते, ती मागितली आहे. आमच्या वॉर्डात घरं लहान, अर्धी भाड्याची, आणि घरमालक राहतात तुमच्याकडे. घरपट्टी जमते तेवढ्यात वीज आणि शिपाई होतो.

गेल्या बुधवारी, एकतीस तारखेला, तपासनीस आले होते. तीन वर्षांतून एकदा मोजणी असते, वाचनात मागे पडलेली मुलं किती आहेत त्याची. ठरलेला आकडा भरला तर सरकार वाचनाची वेगळी बाई देतं, वरच्या पैशातून, घरपट्टीचा संबंध नाही. आमचा आकडा भरला नाही. हेडमास्तर म्हणाले, “चला, म्हणजे आपली मुलं हुशार ठरली.” कुणी हसलं नाही, तेही नाही. पुढची मोजणी तीन वर्षांनी.

शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, गुंडी दिसत नाही ती? त्यांची धाकटी शाळेत गुंडीच्या बाकावरच बसायची. दोघींची वाचनाची गाडी एकाच ठिकाणी अडलेली, म्हणून गट्टी. मी म्हटलं, मामाकडे आहे, हवापालटाला.

नणंद


शुक्रवार, ९ मार्च

वन्सं,

उत्तराला महिना लावला, रागावू नका. चिरंजीवांच्या स्पर्धा होत्या, मग यांच्या ऑफिसच्या लोकांचं येणं-जाणं.

तुमचा आकडा भरला नाही म्हणजे काय हो? वर्गात सेहेचाळीस मुलं आणि मागे पडलेली पुरेशी सापडत नाहीत? मला विचाराल तर तुमचे हेडमास्तर कागदपत्रांत कच्चे आहेत. आमच्या समितीत दोन वकील आहेत, ते एकेक अर्ज असा भरतात की वरचे लोक नाही म्हणूच शकत नाहीत. पुढच्या वेळी मला सांगा, मी त्यांच्याकडून नमुना आणून देते. आपण मागायलाच कमी पडतो, असं माझं मत आहे.

आता गोड बातमी. मंगळवारी मी तिला घेऊन चपला घ्यायला गेले. दुकानाबाहेर उभी राहून तिने पाटी वाचली. अख्खी. “येथे जुन्या चपला दुरुस्त करून मिळणार नाहीत.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मामी, एवढं मोठं लिहून शेवटी नाहीच म्हणालेत!” दुकानदारसुद्धा हसला. वाचनाच्या बाई म्हणतात, गाडी रुळावर आली आहे, पण वर्ष पुरं होईपर्यंत थांबवायची नाही. मधेच सोडलं की अशी मुलं होती तिथून मागे जातात.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. परवाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला की वाचनाच्या बाईंकडे आपलीच सहा मुलं रांगेत थांबली आहेत, तर बाहेरच्या वॉर्डातली किती आहेत ते एकदा बघायला हवं. यादी करायचं काम माझ्याकडे आलंय, माझं अक्षर चांगलं म्हणून, आणि यंदा चिटणीसही मीच. काळजीचं कारण नाही. यादी माझ्याच हातात आहे म्हटल्यावर काय.

तुमची वहिनी


सोमवार, १२ मार्च

वहिनी,

काल मी भांडी घासत होते. गुंडी मागे ओट्यावर बसली होती. साबणाच्या पुड्याच्या मागचं वाचायला लागली. कपडे अर्धा तास भिजवा, रंगीत कपडे वेगळे ठेवा, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा. दोनदा अडखळली, दोन्ही वेळा मागे जाऊन नीट वाचलं. मी वळून बघितलं नाही. हात चालू ठेवले. वळले असते तर ती थांबली असती, असं मला वाटलं.

आता यादीचं. सरळ विचारते, सरळ सांगा. तिला काढायचं ठरलं तर मला आधी कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. कुणाला काही सांगावं लागणार नाही, बदली झाली म्हणता येईल. मात्र वर्गातून हाताला धरून काढलं असं होऊ नये. तिला ते समजतं. माझ्या वर्गात तिला दोन वर्षं वाचायला उभं करायचं मी टाळत होते, तेही तिला समजत होतं.

जमत असेल तर वर्ष पुरं होऊ द्या. त्यापुढचं मी बघेन. याआधी मी तुमच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आठवत असेल तर सांगा.

नणंद


शुक्रवार, २० एप्रिल

वन्सं,

घाईत लिहितेय. गुंडी मजेत आहे. तिला नवे बूट घेतले, जुने बोटांना लागत होते. यादीचं काही विशेष नाही, नुसतं कागदी काम. डोक्याला त्रास करून घेऊ नका.

इथे उन्हाने जीव नकोसा झालाय. तब्येत सांभाळा.

वहिनी


शुक्रवार, ११ मे

वहिनी,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. दप्तर आता इकडेच आहे.

बुधवारी तिसरा तास चालू होता. मी मुलांना नद्या सांगत होते. दारात गुंडी उभी. पाठीला दप्तर, हातात कपड्यांची पिशवी, पायात नवे बूट. दादाच्या ड्रायव्हरने फाटकापाशी सोडलं आणि गेला. ती म्हणाली, “आत येऊ का, बाई?” शाळेत तिने मला बाईच म्हणायचं असं आमचं ठरलेलं आहे, ते ती विसरली नव्हती. मी म्हटलं, ये. ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. शिंपीणबाईंच्या धाकटीने सरकून जागा दिली. मी उरलेल्या नद्या सांगितल्या.

लिफाफा तिने मधल्या सुट्टीत दिला. पालक वॉर्डाबाहेर राहत असल्याचे निष्पन्न झाल्याने प्रवेश रद्द. अशी पत्रं नऊ जणांना गेली असावीत, कारण आमचं नवव्या क्रमांकाचं आहे. खाली चिटणीस म्हणून तुमची सही आहे. अक्षर खरंच चांगलं आहे. ठराव बुधवारी, अठरा एप्रिलला झाला असं त्यात लिहिलंय. तुमची बुटांची चिठ्ठी वीस एप्रिलची.

तिला कसं काढलं ते मी विचारलं. ती म्हणाली, वाचनाच्या बाईंच्या खोलीत होते, शिपाई आला, बाई त्याच्याशी बाहेर जाऊन बोलल्या, मग आत येऊन म्हणाल्या की हा शब्द पुरा कर आणि जा. तिने पुरा केला. कुठला शब्द ते मी विचारलं नाही.

घरी मामी होत्या का, विचारलं. “होत्या. खोलीत होत्या. दार बंद होतं.”

बुटांचे पैसे पाठवत नाही, तुम्हाला आवडणार नाही. बाकी मला तुमचा राग आलाय का, हे मी दोन दिवस तपासून बघतेय. आलेला दिसत नाही. आला तर कळवीन.

नणंद


शनिवार, १९ मे

वन्सं,

चार वेळा लिहायला बसले आणि फाडलं. हेही फाडेन म्हणून यांच्या हातात देऊन ठेवणार आहे, ते वाचत नाहीत, नुसते पोस्टात टाकतात.

जे झालं ते सांगते. यादीत मी आठ नावं लिहिली. गुंडीचं नव्हतं. अठरा तारखेला बैठकीत मी ती वाचून दाखवली. अध्यक्ष म्हणाले, “झालं? एवढीच?” मी म्हटलं, “एवढीच.” मी बसणार इतक्यात एक बाई म्हणाल्या, “आणि तुमच्याकडे राहते ती?” अगदी सहज विचारलं हो त्यांनी. त्यांचा मुलगा रांगेत आहे.

मी म्हटलं, “ती माझी भाची.”

“हो, पण आई-वडील कुठे असतात?”

मला फक्त ‘परगावी’ म्हणायचं होतं. फॉर्मवर लिहिलेलंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणाच्याही डोळ्यांत वाईट काही नव्हतं. आणि मी म्हटलं, “आई खालच्या वॉर्डातल्या शाळेत शिकवते.”

कुणीतरी म्हणालं, “म्हणजे शिकवणारीलाच आपल्या शाळेचा भरवसा नाही म्हणा की!” हशा झाला. मोठा नाही, सभ्य हशा. मीसुद्धा हसले, वन्सं. हे तुम्हाला दुसरीकडून कळणार नाही, पण सांगते. मग अध्यक्ष म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका, पण नियम सगळ्यांना सारखा.” मी तिचं नाव यादीत लिहिलं. ठरावाला हात वर करायला सांगितले. अकरा हात वर झाले. त्यातला एक माझा. हजेरीला जसा आपोआप वर जातो तसा गेला. कुणी धाक दाखवला असता तर मला आज सांगायला बरं पडलं असतं. कुणी दाखवला नाही. यांचं कुठलं काम अडणार नव्हतं, चिरंजीवांना कुणी काही करणार नव्हतं. मी चिटणीसपद सोडलं असतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं, संध्याकाळी आम्ही जेवलो असतो.

वीस तारखेला मी खरं लिहायला बसले आणि बूट लिहिले. त्यानंतर तीन आठवडे रोज वाटायचं की उद्या कळवू. नऊ तारखेला मला वाटलं होतं ती रडेल, म्हणून मी दार लावून घेतलं. ती रडली नाही. मला तिची पावलं ऐकू येत होती. कपाट उघडलं, बंद केलं, गेली.

वाचनाच्या बाई शाळेबाहेर शिकवण्या घेतात. मंगळवार आणि गुरुवार, साडेचारला, त्या तुमच्या घरी यायला तयार आहेत. सगळा खर्च आमचा. नाही म्हणू नका.

तुमची वहिनी


शनिवार, २ जून

वहिनी,

तुम्ही सांगितलंत, तर मीही सांगते. मनाचा मोठेपणा म्हणून नाही. एकटीकडेच ठेवायचा कंटाळा आलाय.

आमचा आकडा भरला नाही, त्यात हेडमास्तरांची चूक नव्हती. मोजणीची यादी मीच केली होती, डिसेंबरात. वाचनाची बाई मिळायला पंधरा मुलं लागतात. आमच्या पूर्ण शाळेत बरोबर पंधरा निघाली होती, चौदा आणि गुंडी. दादाला विचारायच्या आधी मी यादी दोनदा मोजली. सोळावं नाव निघतंय का ते बघायला एका पोराला पुन्हा वाचायला बसवलं. तो घडाघडा वाचायला लागला. मला त्याचा राग आला. शहाण्यासारखं वाचणाऱ्या पोराचा.

मग मी पंधरावं नाव खोडलं आणि तिला तुमच्याकडे पाठवलं. एकतीस जानेवारीला तपासनिसांना चौदा मुलं दाखवली. तीन आठवडे थांबले असते, मोजणी होऊ दिली असती, आणि मग पाठवलं असतं, तर शाळेला बाई मिळाली असती. पण तुमच्याकडचे प्रवेश पंधरा जानेवारीला बंद होत होते. दोन्ही तारखा मला माहीत होत्या. तुम्ही हात वर केलात, मी रेघ मारली. तुमच्या वेळी हसायला निदान माणसं होती.

आता ती परत आली, तर यादी पुन्हा पंधराची झाली आहे. मी हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी वर विचारलं. मोजणी झाली ती झाली.

परवा शिंपीणबाई माप घ्यायला आल्या होत्या, पडद्यांचं. टेप गळ्यात, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, “बाई, गुंडी वाचायला शिकून आली म्हणे.” मी म्हटलं, “थोडं.” त्या म्हणाल्या, “बरं झालं.” खिडकी मापली, आकडा लिहून घेतला. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, “आमच्या पोरीला मामा नाही हो.” तक्रार म्हणून नाही. खिडकी अडीच फुटांची आहे म्हणाव्यात, तशा.

म्हणून सांगते. खर्च करणारच असाल तर त्या बाईंना आठवड्यातून एकदा माझ्या वर्गात पाठवा, शाळा सुटल्यावर. पंधराही मुलं मी बसवीन. वर्ग झाडून ठेवीन, वाळू मी आणीन. दादाला विचारून बघा.

नणंद


सोमवार, १८ जून

वन्सं,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातल्या यादीबद्दल काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

यांना विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, “भाची माझी आहे. शाळा माझी नाही.” मी म्हटलं, चौदाच तर आणखी. ते म्हणाले, “आज चौदा. उद्या त्यांची भावंडं. आणि त्या शाळेला सरकार आहे ना?” ते वाईट बोलले नाहीत, शांतपणे बोलले. गुंडीसाठी मात्र कितीही वर्षं द्यायला तयार आहेत.

समितीकडे मी विषय काढला. खरंच काढला, उभी राहून. वॉर्डाबाहेर निधी खर्च करायचा नाही असं नियमावलीत आहे, वकिलांनी पान काढून दाखवलं. यंदा निधी उरलाय, त्यातून संगीताच्या खोलीला आवाज बाहेर जाऊ नये अशा भिंती करणार आहेत. वाचनाच्या बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, पंधरा एकदम हे शिकवणं नव्हे, ते एकेकट्यालाच शिकवावं लागतं.

तेव्हा एकीचं होईल. बाई जुलैपासून मोकळ्या आहेत, पण महिनाअखेरीपर्यंत कळवायला हवं, नाहीतर त्या वेळा दुसऱ्याला देतील. तुम्ही ठरवाल तसं.

तुमची वहिनी


मंगळवार, २६ जून

वहिनी,

पाठवा.

नणंद


गुरुवार, ९ ऑगस्ट

वहिनी,

बाई नेमाने येतात. पाच आठवडे झाले, एकही खाडा नाही. पायातले बूट दाराबाहेर काढतात, हात धुतात, आणि थेट कामाला लागतात. चहा नको म्हणतात. त्या आल्या की मी स्वयंपाकघरात जाते, कारण माझ्यासमोर गुंडी अडखळते. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. त्या काय करतात ते मला आता कळायला लागलंय. त्यात जादू काही नाही. वेळ आहे. एक मूल, एक बाई, आणि घाई करणारं कुणी नाही. बावीस वर्षांत मला असा पाऊण तास एकदाही मिळाला नाही. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही, मोजून बघितलं म्हणून लिहितेय.

मे महिन्यात तिचं वाचन मागे गेलं होतं ते भरून निघालं. आता ती पातळ पुस्तकं एका बैठकीत संपवते. शाळेत मात्र वाचायला उभं केलं की मुद्दाम अडखळते. शिंपीणबाईंच्या धाकटीशेजारी बसून सरळ वाचायचं तिला जड जातं बहुतेक. मी तिला हल्ली पुन्हा उभं करत नाही.

शाळेत चौदा जणांना मी मधल्या सुट्टीत घेऊन बसते. वीस मिनिटं. निम्मी येतात, निम्मी खेळायला पळतात. पळणाऱ्यांना मी हाक मारत नाही.

मंगळवारचं सांगायचं होतं. बाई आल्या होत्या. दार उकाड्यामुळे उघडंच होतं. शिंपीणबाईंची धाकटी आली, हातात आमचे शिवलेले पडदे. पडदे माझ्याकडे दिले आणि गेली नाही. उंबऱ्यावर उभी राहून आतल्या टेबलाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “मी नुसती बसू का? बोलणार नाही.”

मी बाईंकडे बघितलं. बाई घड्याळाकडे बघून हळूच म्हणाल्या, “माझं एकीचंच ठरलंय. हिला बसवलं तर उद्या मला सगळीकडेच बसवावं लागेल.” बरोबरच होतं त्यांचं. त्यांचंही पोट आहे.

मुलगी माझ्या उत्तराची वाट बघत होती. बारा वर्षांची आहे, केसांना तेल, फ्रॉक आईनेच शिवलेला, नीटनेटका. ती माझ्या वर्गातली आहे. तिची हजेरी मी रोज घेते.

मी म्हटलं, “आत्ता नको गं. घरी जा, आई वाट बघत असेल.”

ती “बरं, बाई” म्हणाली आणि गेली. रडली वगैरे नाही. मी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि पडदे घडी करून कपाटात ठेवायला लागले.

गुंडी टेबलापाशी वाचत होती, मोठ्याने, एकामागून एक ओळी. तिने सगळं ऐकलं असणार, घर आहेच केवढं. पण तिचा आवाज कुठे थांबला नाही, की तिने पुस्तकातून डोकं वर केलं नाही.

नणंद